चार अक्षरांचे एकवीस बाइट

सकाळी ५:५०

नळाला पाणी आलंय. अमरावतीच्या या वस्तीत ते एक दिवसाआड येतं आणि तासभर टिकतं. आधी पिण्याचं, मग ड्रम, शेवटी कूलरची टाकी. मे महिना आहे, कूलरलाच दिवसाला तीन बादल्या लागतात. नवरा एसटीत वाहक आहे, पहाटेच परतवाड्याच्या गाडीवर गेला. मुलीची चौथीची परीक्षा संपली आहे. ती गच्चीवर आजीजवळ झोपली आहे. मुलीची आई पाइप गुंडाळते, हात पुसते, चहाचं आधण ठेवते.

सकाळी ६:२५

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडलाय. स्वतःचा, हप्त्यावर घेतलेला. महिन्याला २,३५० रुपये जातात. रॅम नंतर वाढवून घेतली, तिचे साडेतीन हजार वेगळे.

ऑफिस साडेनऊला. त्याआधीचे दीड-दोन तास आणि रात्रीचे दोन, एवढ्यात तिचं हे दुसरं काम चालतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं मुक्त सॉफ्टवेअर. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये अलास्कात ते लिहायला घेतलं. लिनक्सवर डेटाबेसमधले नकाशे बघायला त्यांना साधन हवं होतं. आता जगभरची माणसं मिळून ते लिहितात. कोड कुणीही वाचावा, बदलावा, बदल परत पाठवावा. त्याला जोडायचे प्लगइन तर शेकड्यांनी मोजावेत इतके. त्यातल्याच एका छोट्या प्लगइनमध्ये तिला काल खोट दिसली.

झालं असं. ऑफिसच्या कामातला संत्राबागांचा नकाशा त्या प्लगइनमधून शेपफाइल करून वरुडच्या गिऱ्हाइकाला पाठवला. तिकडे उघडला तर कॉलमची नावं फुटलेली. ‘खातेदार’च्या जागी ‘खात’ आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. ‘खाते क्रमांक’चीही तीच गत. कोणता कॉलम कशाचा, कळायला मार्ग नाही.

आता ती खोट लहान करायला बसली आहे. मूळ फाइलमध्ये हजारावर बागा आहेत, शेतकऱ्यांची नावं आहेत. ती बाहेर पाठवायची नाही. म्हणून नवी फाइल. दोन चौकोन, चार कॉलम: गाव, पीक, खातेदार, खाते क्रमांक. माणसांच्या नावांऐवजी अ आणि ब. निर्यात करते, उघडून बघते. गाव नीट. पीक नीट. उरलेले दोन फुटले.

“हं,” ती म्हणते. चहा उतू जायच्या आत गॅस बंद करते.

सकाळी ७:०५

विजेच्या बिलाची मागची बाजू कोरी आहे. त्यावर हिशेब मांडते.

शेपफाइल १९९०च्या दशकातली, एस्री कंपनीने आणलेली. म्हणायला एक फाइल, पण असतात किमान तीन. एकीत आकार, एकीत अनुक्रम, एकीत तक्ता. तक्त्याची घडण डीबेसची, म्हणजे त्याहून जुनी. कॉलमच्या नावाला तिथे जागा दहा बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, म्हणून सगळे सरसकट ‘दहा अक्षरं’ म्हणतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे हलन्त, तेही वेगळं.

खातेदार. लिहिणाऱ्याला चार अक्षरं. संगणकाला सात चिन्हं: ख, काना, त, मात्रा, द, काना, र. सात त्रिक एकवीस. दहाव्या बाइटनंतर कात्री लागते. नऊ बाइटांत ‘खात’ मावतं. दहावा बाइट मात्रेचा पहिला तुकडा. एकट्या तुकड्यातून चिन्ह उमटत नाही, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह. गाव आणि पीक तीन-तीन चिन्हांचे. नऊ बाइटांत बसले, वाचले.

१९९१च्या इस्की या भारतीय मानकात एका चिन्हाला एकच बाइट होता. त्या मापाने खातेदार सातांत बसला असता.

आता प्लगइनचा कोड. पायथनमध्ये आहे, फार मोठा नाही. ती ‘दहा’ हा आकडा शोधत जाते. पाच ठिकाणी सापडतो. चार भलतीच निघतात. पाचवी ओळ ती. नाव दहापेक्षा लांब असेल तर पहिली दहा ठेवा, बाकीचं सोडा. पायथन इथे चिन्हं मोजतो. खातेदार सात चिन्हांचा, म्हणून त्याला अडवायचं कारणच नाही. पुढे फाइल लिहिली जाते तेव्हा बाइट मोजले जातात.

ओळ सापडली. बिलाच्या कोपऱ्यात तिचा क्रमांक लिहून ठेवते.

सकाळी ७:३५

कोडला अजून हात नाही. आधी तक्रार नोंदवायची. त्याआधी जुन्या नोंदी चाळायच्या, हेच कुणी आधी सांगितलंय का. एक-एक उघडते, बंद करते. अरबीत असंच काहीतरी झाल्याची एक नोंद आहे. पण त्यात नमुना फाइल नाही, कुणी पाठपुरावा केलेला नाही. तिचा दुवा घेऊन ठेवते.

नोंद इंग्रजीत लिहायची. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. क्यूजीआयएसची आवृत्ती, प्लगइनची आवृत्ती, विंडोज की लिनक्स. नमुना फाइल जोडायची, पडद्याची दोन चित्रं. पहिला मसुदा लांब होतो. खोडते. “नॉन-लॅटिन स्क्रिप्ट्सचा विचार झालेला नाही” असं एक वाक्य होतं, तेही काढते. उरतात नऊ ओळी. त्यांना कोड शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पाठवते. लॅपटॉप मिटते. कुकर लावते.

सकाळी ८:५५

डबा: पोळ्या, वांग्याची भाजी, कांदा. उन्हाचा रुमाल तोंडाला. स्कूटीत शंभराचं पेट्रोल, तीन दिवस पुरतं. वाटेत गिला वड्याची गाडी लागते. आज थांबत नाही.

ऑफिस राजकमल चौकाजवळ, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, पाच संगणक, एक वॉटर कूलर. मालकांना सगळे सर म्हणतात. सगळ्या संगणकांवर क्यूजीआयएस. सर म्हणतात, “पाच परवाने विकत घ्यायचे असते तर हे ऑफिस काढलंच नसतं.”

सकाळी ९:३०

पगाराचं काम सुरू. तिचा पगार २७ हजार. सध्याचं काम एका शेतकरी कंपनीचं: मोर्शी आणि वरुड तालुक्यांतल्या संत्राबागा नकाशावर आणायच्या. बाग कुठे, किती आर, झाडं साधारण किती, विहीर आहे का, आंबिया बहर घेतात की मृग.

तीन मुलं बागा आखतात. माउसने बांधाबांधाने टिंबं द्यायची, शेवटचं पहिल्याला जोडायचं. एका बागेचे पाच रुपये. सवयीचा हात दिवसाला दीडशे बागा काढतो, नवीन मुलगा ऐंशीवर दमतो. चुकीची बाग परत आली तर दुरुस्ती फुकट. संध्याकाळी मनगट धरतं, म्हणून एकाने माउसखाली जुना रुमाल घडी करून ठेवलाय.

आधी सेंटिनेल उपग्रहाचं चित्र बघतात. ते फुकट मिळतं आणि दर काही दिवसांनी नवं येतं. पण त्यातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटरचा. संत्र्याची झाडं सहा-सहा मीटरवर असतात, हेक्टरी पावणेतीनशेच्या घरात. एका ठिपक्यात दोन-तीन झाडं गडप. हिरवं कुठे आहे एवढं त्यावरून कळतं. हद्द मात्र बारीक चित्रावरून आणि गाव नकाशावरून काढावी लागते.

“ताई, हे बाग हाय का पऱ्हाटी?” नवीन मुलगा विचारतो.

ती त्याच्या मागे जाऊन उभी राहते. “महिना कोणता?”

“मे.”

“मेमध्ये पऱ्हाटी कुठून आली? ओळी पाह्य. सावल्या पाह्य.”

तो हसतो. टिंबं द्यायला लागतो.

सकाळी १०:४०

दोन तालुक्यांच्या फाइली एकमेकींवर बसत नाहीत. हे दर आठवड्याला होतं. ७८ अंश पूर्व रेखांश याच भागातून जातो. नकाशाच्या यूटीएम पद्धतीत तिथे पट्टा बदलतो. अमरावती शहर ४३ व्या पट्ट्यात, वरुड ४४ व्यात. मोर्शी तर रेषेच्या अंगालाच. रेषेवरचं एकच शेत एका पट्ट्यातून मोजलं तर पूर्वेचा आकडा ८ लाख ११ हजार मीटरच्या आसपास येतो, दुसऱ्यातून १ लाख ८९ हजार. दोन्ही बरोबर. फाइलीसोबत पट्ट्याची नोंद नसली की बाग शेकडो किलोमीटर सरकते.

कुणीतरी नोंदीची फाइल न घेता पेन ड्राइव्हवर नकाशा आणलाय. ती शांतपणे पट्टा भरते. बागा जागेवर येतात. भिंतीवर एक कागद आहे, त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलंय: चारही फाइली आणा.

सकाळी ११:३०

वरुडहून फोन. कंपनीचा माणूस.

“मॅडम, फाइल उघडली. पण खातेदाराच्या कॉलमले नावच नाही.”

“ठाऊक आहे. इंग्रजीत नावं देऊ का?”

“नाही वो. मराठीतच पाह्यजे. अध्यक्षांनं सांगतलं. उद्या अकरा वाजता सभा हाय.”

“जिओपॅकेज पाठवू? एकच फाइल असते, नावं कितीही लांब चालतात.”

“ते आमच्या इथं उघडत नाही. मागच्या टायमाले पाह्यलं ना आपण.”

खरं आहे. जिओपॅकेज हे २०१४ पासूनचं मानक, त्यात दहा बाइटांची अडचण नाही. पण वरुडच्या संगणकावरचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं. शेपफाइलच हवी. ती वहीत लिहिते: उद्या ११ च्या आत. खाली दोन रेघा.

दुपारी १२:५०

डबा उघडताना मोबाइल वाजतो. प्लगइनची देखभाल करणारा युरोपात असतो. तिथे सव्वानऊ झालेत. दिवसा तोही दुसरी नोकरी करतो, तसं त्याने प्लगइनच्या पानावर लिहून ठेवलंय. उत्तर तीन ओळींचं. नमुना फाइलीबद्दल आभार. माझ्याकडेही तसंच फुटतं. बदल पाठवणार का? सोबत चाचणी हवी.

आखणारा एक मुलगा डोकावतो. “पैसे देते का तो?”

“नाही.”

“मग?”

“दर वेळी फाइल फुटली की तू आखायचं थांबतोस ना? तुझ्या बागा कमी होतात.”

तो विचार करतो. वांग्याची भाजी वाढून घेतो.

दुपारी १:२०

जेवणाची वीस मिनिटं उरलीत. ती ऑफिसच्या संगणकाला हात लावत नाही, कागदावरच करते. नाव कापायचं कसं?

पहिली पायरी सोपी. नावाचे बाइट करायचे, पहिले दहा घ्यायचे, अर्धवट तुकडा फेकायचा, परत अक्षरं करायची. पायथनमध्ये एका ओळीत होतं. मग ती शब्द टाकून बघते.

क्षेत्र. क, हलन्त, ष. ‘क्ष’ उरतं. ठीक.

वर्ग. व, र, हलन्त. ‘वर्’ उरतं, पाय मोडलेला. वाईट दिसतं. शेवटी हलन्त राहिला तर काढायचा. ‘वर’.

गट नं. ग, ट, मोकळी जागा, न. तीन, तीन, एक, तीन. बरोबर दहा. अनुस्वार गेला. ‘गट न’. नियमात बसतं, कानाला खटकतं. इथे ‘न’सुद्धा सोडून द्यावा का? मग खातेदारचं काय? अख्खं अक्षर राखायचं म्हटलं तर ‘ते’ बसत नाही, नुसतं ‘खा’ उरतं. ‘खात’वरून निदान अंदाज येतो. ती ‘खात’ला गोल करते.

दुसरी अडचण मोठी. खातेदारचं ‘खात’. खाते क्रमांकचंही ‘खात’. एका तक्त्यात दोन कॉलमना एक नाव चालत नाही. दुसऱ्याला मागे खालची रेघ आणि एक लावायचा. त्याला दोन बाइट लागतात, उरतात आठ, आठांत दोनच चिन्हं. ‘खा_1’. त्यातला एक आकडा इंग्रजीच हवा, देवनागरी १ तीन बाइट खातो.

कागदाची घडी खिशात जाते.

दुपारी ३:१५

वीज गेली. पंखे थांबले. इन्व्हर्टरवर संगणक चालतात, कूलर नाही. बॅटरी गेल्या वर्षी बदलली, सोळा हजार लागले. सर येऊन सांगतात, “सेव्ह करा, सेव्ह करा.” मुलं खिडकीजवळ खुर्च्या ओढतात. बाहेर त्रेचाळीस अंश. एकाचा संगणक इन्व्हर्टरच्या तारेवर नाही. त्याच्या सहा बागा गेल्या. तीस रुपये.

ती गाव नकाशा जागेवर बसवते आहे. जुन्या कागदाचं स्कॅन. मंदिर, नाल्याचा पूल, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, हे पक्के बिंदू धरून कागद ताणायचा. घडीच्या जागी कागद वाकलाय, तिथे आणखी चार बिंदू घ्यावे लागतात. एका गावाला तास जातो.

दुपारी ४:१०

वीज आली. खालून चहा. अर्ध्या कपाचे दहा रुपये. आज पाळी तिची, सहा चहांचे साठ.

संध्याकाळी ५:४५

मुलांचे आकडे वहीत. १४२, १५६, ७९. तिसरा म्हणतो, “उद्या शंभर.” ती सही करते. पैसे शनिवारी.

वाटेत भाजी: पालक, दोन काकड्या, लिंबं. लिंबू दहाला दोन झालंय.

रात्री ८:२०

जेवणं झाली. नवरा सातला आला, आता गच्चीवर अंथरुणं घालतोय. मुलगी लॅपटॉपशेजारी चित्र रंगवत बसली आहे. सासूबाई विचारतात, “अजून ऑफिसचंच काय?” ती म्हणते, “नाही, आई. माझं.” सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करतात.

आधी कोडची स्वतःची प्रत. गिटहबवर मूळ प्रकल्पाची प्रत आपल्या नावावर करून घ्यायची, त्यात वेगळी फांदी काढायची, तिच्यावर काम करायचं. मूळ कोडला धक्का लागत नाही.

मग चाचणी. बदल करायच्या आधी चाचणी लिहायची, ती नापास झालेली बघायची. हे तिला एका जुन्या सहकाऱ्याने लावलेलं वळण. दुपारचा कागद खिशातून येतो. एकेक शब्द चाचणीत उतरतो. गाव तसाच राहावा. पीक तसंच. खातेदारचं ‘खात’ व्हावं, वर्गचं ‘वर’. इंग्रजी नाव दहापर्यंत जसंच्या तसं. दोन सारखी नावं आली तर दुसऱ्याला क्रमांक. आणि सगळ्यांना एकच अट: बाइट दहाच्या वर जाऊ नयेत.

चालवते. गाव, पीक आणि इंग्रजी पास. बाकी सगळं लाल.

“लाल म्हणजे चुकलं?” मुलगी विचारते.

“आत्ता लालच हवं.”

रात्री ८:५५

आता कोड. जुनी एक ओळ जाते. नव्या अकरा येतात. बाइट करा, कापा, तुकडा फेका, हलन्त असेल तर काढा, नाव आधी येऊन गेलंय का बघा, आलं असेल तर आणखी आखूड करून क्रमांक जोडा. क्रमांक नऊच्या पुढे गेला तर तीन बाइट लागतील, तेही धरते. लिहायला वीस मिनिटं. सकाळपासून याचसाठी सगळं.

चालवते. एक लाल उरतं. ‘खा_1’ऐवजी ‘खात_1’ येतंय. नऊ आणि दोन अकरा. क्रमांकाची जागा कापायच्या आधी सोडायला हवी. दोन ओळी वर-खाली करते. पुन्हा चालवते. सगळं हिरवं.

मुलगी हिरवा खडू उचलून दाखवते.

रात्री ९:२५

आपल्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे झालं असं नाही. प्लगइन क्यूजीआयएसवर उभा, क्यूजीआयएस फाइल लिहायला जीडॅलवर विसंबतं. जीडॅल ही फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली लायब्ररी. नकाशांची कितीतरी सॉफ्टवेअरं तिच्यातूनच फाइली उघडतात. म्हणून जुन्या आणि नव्या, दोन्ही क्यूजीआयएसवर तपासायचं. जुनी आवृत्ती डॉकरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्याच एका वेगळ्या कप्प्यात, उतरवून घ्यावी लागते. काही जीबींचा माल. फायबरचं महिन्याचं बिल ५९९ आणि वर जीएसटी. पट्टी हळूहळू सरकते. तोवर ती ओटा आवरते, दह्याला विरजण लावते.

उतरलं. सकाळची दोन चौकोनांची फाइल जुन्या आवृत्तीत निर्यात करते. गाव, पीक, खात, खा_1. प्रश्नचिन्ह नाही. नव्या आवृत्तीतही तेच.

रात्री ९:५०

कमिट. बदलाला एका ओळीचं नाव द्यायचं, खाली कारण. ती लिहिते की नावाची लांबी आता बाइटांत मोजली जाते. सकाळच्या नोंदीचा क्रमांक जोडते, अरबीवाल्या जुन्या नोंदीचाही. पुल रिक्वेस्ट पाठवते. म्हणजे माझा बदल बघा, पटला तर तुमच्यात घ्या.

पलीकडे यंत्रं जागी होतात. कुठल्यातरी सर्व्हरवर क्यूजीआयएसच्या तीन आवृत्त्यांवर तिच्या चाचण्या चालतात. सार्वजनिक कोडला ही सोय फुकट. तीन हिरव्या. चौथी खूण लाल.

उघडते. कोडच्या मांडणीची तपासणी. एका ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली आहे. ती काढते, पुन्हा पाठवते. चार हिरव्या.

रात्री १०:१५

प्लगइनवाल्याकडे पावणेसात. तो आलाय. कोडच्या ओळींशेजारी तीन शेरे पडतात.

पहिला: हलन्त काढायचा तर तमिळ, बंगाली, गुजरातीचं काय? बरोबर आहे. तिने फक्त देवनागरीचा धरला होता. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अशा चिन्हाला एकच वर्गांक आहे. तो तपासला तर सगळ्यांचं एकदम होतं. ओळ वाढत नाही, उलट लिपीचं नाव गळतं. चाचणीत एक तमिळ आणि एक बंगाली शब्द घालते. तमिळ शब्द नीट लिहिलाय ना, म्हणून दोनदा जुळवून बघते.

दुसरा: मूळ लांब नावं आणि कापलेली नावं यांची यादी सोबत द्यावी का? तिलाही ते हवंय. पण तोच पुढे लिहितो, ते वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये. एका वेळी एकच गोष्ट.

तिसरा: बदलांच्या यादीत एक ओळ टाक, आणि योगदान देणाऱ्यांच्या फाइलमध्ये तुझं नाव.

ती ओळ टाकते. नाव टाकताना थांबते. देवनागरीत लिहू की इंग्रजीत? फाइल यूटीएफ-८ आहे, लांबीची अट नाही. देवनागरीत लिहिते, आडनावासकट.

रात्री १०:५०

मर्ज झालं, म्हणजे बदल घेतला. जांभळी खूण. खाली त्याची एक ओळ: नवी आवृत्ती रविवारी काढतो, आणखी दोन बदल यायचेत.

आज गुरुवार. सभा उद्या अकराला.

ती वही उघडते. नऊ गावांच्या नऊ फाइली, प्रत्येकीत सहा लांब कॉलम. चोपन्न नावं. स्वतःच्या लॅपटॉपवरचा दुरुस्त कोड ऑफिसच्या संगणकावर टाकता येईल, पण तपासून न निघालेली आवृत्ती गिऱ्हाइकाच्या कामाला वापरायची नाही, हा सरांचा नियम आणि तिलाही तो मान्य. शिवाय सभेत ‘खा_1’ कोण वाचणार? हातानेच बदलायचं. नऊ बाइटांत बसतील अशी मराठी नावं हवीत. ती कागदावर यादी करते. क्षेत्रासाठी ‘आर’. झाडांच्या संख्येसाठी ‘झाड’. हंगामासाठी ‘बहर’. खाते क्रमांकासाठी ‘क्र’. ओलितासाठी ‘जल’, जरा पुस्तकी आहे, पण चालेल.

तीन गावं आत्ता, सहा सकाळी ऑफिसात, मुलं यायच्या आधी. पहिली फाइल उघडते. ‘खातेदार’ खोडते आणि ‘नाव’ लिहिते.